शंकेची टोपली

आमेननं खुर्ची बदलली आणि सुईच्या मनात पाल चुकचुकली.

सात वर्षं ती बाई अंधारखोलीत सुईच्या उजव्या हाताला बसत आली होती. त्या सोमवारी आली, डबा खुंटीला टांगला आणि मुकाट्यानं डाव्या खुर्चीवर जाऊन बसली.

"काय गं, तिकडच्या खुर्चीत ढेकूण झाले का?" सुईनं विचारलं.

"नाही हो ताई. इकडे जरा बरं वाटतं."

"अंधारात इकडे काय नि तिकडे काय!"

आमेन हसली. अंधारात हसू दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. सुईला ते ऐकू आलं आणि अजिबात आवडलं नाही. कारण सुईचा डावा डोळा गेला होता. पार गेला नव्हता, पण दुधात बुडवल्यासारखा झाला होता. ही गोष्ट तिनं घरी सांगितली नव्हती, कामावर सांगितली नव्हती, स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलली नव्हती. आणि ही बया बरोबर त्याच बाजूला येऊन बसली.

दोघी अंडी बघायच्या. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण ते काम आहे, आणि भल्याभल्यांना जमत नाही. हॅचरीत अंडी उबवणी यंत्रात ठेवली की दहाव्या दिवशी ट्रे बाहेर काढतात आणि एका खिडकी नसलेल्या खोलीत आणतात. तिथं प्रत्येकीपुढे पत्र्याच्या डब्यात दिवा असतो. डब्याला रुपयाएवढं भोक. त्या भोकावर अंडं धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं आणि मध्ये काळा ठिपका हलला, तर पिल्लू जिवंत. काहीच दिसलं नाही, तर अंडं कोरं. रक्ताचं कडं दिसलं, तर पिल्लू मेलेलं. जिवंत अंडी ट्रेमध्ये परत, बाकीची बादलीत. ट्रे झाला की त्यावर आपल्या नंबरचा बिल्ला लावायचा आणि मागच्या मांडणीवर सरकवायचा. सुईचा बिल्ला चार नंबरचा, आमेनचा नऊ.

आणि एक रीत होती. एखाद्या अंड्याचा नीट अंदाज येत नसेल तर शेजारणीला द्यायचं आणि म्हणायचं, "तू बघ." दोघींचं एकमत झालं नाही तर ते अंडं कोपऱ्यातल्या शंकेच्या टोपलीत जायचं. टोपली उबेला ठेवायची आणि दोन दिवसांनी तेच अंडं पुन्हा बघायचं. मेलेलं अंडं चुकून आत गेलं तर घाण होते. जिवंत अंडं चुकून बादलीत गेलं तर जीव जातो. म्हणून ही रीत. कागदावर कुठं लिहिलेली नव्हती. बायकांनीच पाडली होती आणि बायकाच पाळत होत्या.

सुईनं बावीस वर्षांत एकदाही "तू बघ" म्हटलं नव्हतं. टोपली म्हणजे इतरांचा कारभार. तिची नजर अशी की दिव्यावर अंडं टेकतंय तोवर निकाल लागलेला. नाव त्यावरूनच पडलं. मुकादमसुद्धा नव्या बाईला सांगायचा, "सुईजवळ बस आणि शीक."

आता मात्र डावा डोळा गेलेला, आणि दोघांचं काम एकटा ओढून उजवाही दुपारनंतर रडकुंडीला येत होता. जेवणाच्या सुट्टीनंतर शिरा आणि कडं यांची सरमिसळ व्हायची. सुई अंदाजानं ठरवत होती. अंदाज चुकत होते, आणि चुकलेला अंदाज हॅचरीत लपून राहत नाही. मेलेलं अंडं उबेत सडतं, फुगतं आणि एक दिवस फट्‌दिशी फुटतं. बायका त्याला बाँब म्हणतात. एक फुटलं की आजूबाजूच्या पाचपन्नास अंड्यांवर घाण उडते. त्या महिन्यात इतके बाँब फुटले की यंत्राच्या खोलीत नाकाला फडकं बांधल्याशिवाय पाऊल टाकता येईना.

मुकादम अंधारखोलीच्या दारात उभा राहून गरजला, "कुणाचे ट्रे आहेत ते मी शोधून काढणार! आणि जिचे असतील तिनं दुसऱ्या दिवशी यायची तसदी घेऊ नये!"

तेव्हा खोलीत सहा बायका होत्या. पाच जणी एकमेकींकडे बघू लागल्या. सुई दिव्याकडे बघत राहिली.

खुर्ची गेली तर काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खुर्ची गेली म्हणजे घर. घर म्हणजे सून, चार वर्षांची नात आणि दिवसभराची हुकमत, आणि तीही सुनेची. सून वाईट नव्हती, हीच तर अडचण. वाईट असती तर भांडता आलं असतं. ती गोड बोलून म्हणायची, "आई, पुरे झालं आता. घरी बसा, हिच्याकडे बघा." घरी बसलेल्या बाईचं काय होतं ते सुईनं स्वतःच्या सासूच्या बाबतीत पाहिलं होतं. आधी खाट कोपऱ्यात सरकते, मग बाई खाटेसकट नजरेआड सरकते. सुईला नजरेआड जायचं नव्हतं. अंधारखोलीत तिला कुणी बघत नव्हतं, पण तिथं बघायचा अधिकार तिचा होता.

आणि आता शेजारी ही आमेन.

खरं नाव दुसरंच होतं. पण डबा उघडायच्या आधी डोळे मिटायची, पुटपुटायची आणि शेवटी "आमेन" म्हणायची, म्हणून तेच नाव चिकटलं. चिडवणाऱ्या थकल्या, ती चिडली नाही. पर्समध्ये काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. रविवारी कामावर बोलावलं तर हात जोडून नाही म्हणायची. आणि खोटं बोलायची नाही. हा तिचा सगळ्यांना होणारा त्रास होता. एखादी उशिरा आली आणि मुकादमानं विचारलं, "ही कधी आली?" तर इतर बायका अंधाराकडे बोट दाखवायच्या, आमेन वेळ सांगायची. पोटात एक नि ओठात एक असलं तिच्याकडे नव्हतंच. अशा बाईशेजारी बसणं म्हणजे भिंतीला कान असण्यापेक्षा वाईट. भिंत विचारल्यावर बोलत तरी नाही.

खुर्ची बदलल्यापासून आमेन देवाबद्दल जास्त बोलायला लागली. हात चालू, तोंड चालू.

"ताई, एक गोष्ट सांगू?"

"सांग. नाही म्हटलं तर थांबणारेस थोडीच!"

"एका आंधळ्याला लोकांनी येशूकडे आणलं. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर घेऊन गेला. लोकांसमोर नाही, बाजूला. डोळ्यांवर हात ठेवला आणि विचारलं, काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडं चालल्यासारखी दिसतात."

सुईच्या हातातलं अंडं दिव्यावर तसंच राहिलं.

"मग?" तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"मग येशूनं पुन्हा हात ठेवला. तेव्हा स्वच्छ दिसलं."

"म्हणजे पहिल्या फटक्यात जमलं नाही म्हण की तुझ्या देवाला!"

दोन खुर्च्या सोडून बसलेली बाई खुदकन हसली. आमेनही हसली. "मलाही तसंच वाटायचं. पण ताई, त्या माणसाचं कौतुक वाटतं हो मला. एवढा मोठा माणूस समोर, बरं वाटलं म्हणून टाकलं असतं तर सगळे खूश. तो म्हणाला, नाही, अजून नीट दिसत नाही. म्हणून तर दुसऱ्यांदा हात मिळाला."

सुईनं पुढचं अंडं उचललं. जगात इतक्या गोष्टी आणि हिला आंधळ्याचीच सापडली? हिला कळलंय. कळलंय आणि ही मला टोचून बघतेय, अंडं हलवून बघतात तशी.

त्या दिवसापासून सुईनं डोळ्याऐवजी कान लावले. बावीस वर्षं अंधारात काढलेल्या बाईचे कान कमी नसतात. तिच्या लक्षात आलं की आपण ट्रे मागं सरकवला की थोड्या वेळानं डावीकडे मांडणीवर बारीक आवाज होतो. पत्रा घासल्याचा. मग अंड्याला अंडं लागल्याची टिकटिक. मग पुन्हा पत्रा. आमेन तिचे ट्रे काढत होती. पूर्ण झालेले, चार नंबरचा बिल्ला लावलेले ट्रे.

दुसरी गोष्ट. रोज काम सुटलं की सगळ्या बायका नळावर हात धुवायला जायच्या आणि आमेन आधी मुकादमाच्या केबिनमध्ये जायची. मिनिटभर, दीड मिनिट. बाहेर यायची तेव्हा मान खाली.

दोन अधिक दोन चार व्हायला सुईला शाळा लागली नाही. ही बया पुरावे गोळा करतेय. दिवसा येशू आणि संध्याकाळी चुगली. सुईला राग आला, पण त्यात एक विचित्र समाधानही होतं. शेवटी हीसुद्धा तसलीच निघाली! देव देव करणारा माणूस हरामखोर निघाला की न करणाऱ्याला किती हलकं वाटतं, हे कुणी कबूल करत नाही, पण वाटतं.

घरी त्या संध्याकाळी नात बाहुलीचा फाटका झगा घेऊन आली. "आजी, सुई ओव ना."

सुईनं दोरा तोंडात ओला केला, टोक वळलं, नेम धरला. दोरा नेढ्याच्या बाजूनं गेला. पुन्हा गेला. चौथ्यांदा तिनं सुई खाली ठेवली. "काय मेला उजेड आहे या घरात!" सूनबाई ओट्याजवळून वळून बघत होती. सुईला वाटलं, ही पण? सगळ्यांनी काय कट केलाय?

गुरुवारी तिनं सापळा लावला. सकाळी नजर ताजी असताना तिनं एक अंडं निवडलं, ठणठणीत कोरं, शिरेचा पत्ता नाही. बुडाशी पेन्सिलीनं बारीक फुली मारली आणि ते जिवंत अंड्यांच्या मधोमध बसवलं. चार नंबरचा बिल्ला लावला आणि ट्रे मागं सरकवला. थोड्या वेळानं पत्रा घासला. टिकटिक झाली. आता हे अंडं पर्समध्ये जाणार, आणि संध्याकाळी मुकादमाच्या टेबलावर.

काम सुटल्यावर ती सगळ्यांच्या मागं थांबली आणि बादलीत हात घातला. कोपरापर्यंत. तिसऱ्या थरात फुलीचं अंडं सापडलं.

बादलीत? पुरावा बादलीत कोण टाकतं?

ती तशीच हात न धुता केबिनच्या भिंतीशी गेली आणि चप्पल झटकायचं नाटक करत उभी राहिली. दार अर्धं उघडं होतं.

"चार नंबर?" मुकादमाचा आवाज.

"चार नंबरच्या ट्रेमध्ये आज एकही खराब अंडं आत गेलं नाही, साहेब."

"नक्की?"

"एकही गेलं नाही."

"मग हे बाँब काय आभाळातून पडतात?"

"ते आधीचे आहेत, साहेब. दहा-बारा दिवसांपूर्वी आत गेलेले."

सुईच्या हातातली चप्पल तशीच लोंबकळत राहिली. खोटं न बोलणारी बाई. मुकादमानं हिलाच पाळतीवर ठेवलं होतं, कारण हिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि ही काय करत होती? मागं बसून अंडी उपसत होती आणि वर बिनदिक्कत सांगत होती की खराब गेलं नाही. खरंच तर होतं! आत गेलंच नव्हतं. जाऊ दिलं असतं तर ना!

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सुईनं तिला ट्रे धुवायच्या हौदामागं गाठलं.

"किती दिवस चाललंय हे?"

आमेनच्या हातातला घास डब्यात परत गेला. "काय, ताई?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. फुलीचं अंडं तूच काढलंस."

"ती फुली तुम्ही मारली होती?" आमेन बघतच राहिली. "मला वाटलं, पुरवठा करणाऱ्यांची खूण असेल."

"किती दिवस?"

"आज दहावा."

"आणि कशाला? माझ्यावर एवढी माया कुठून उतू चालली? किती डोकी न्यायचीत तुला तुमच्या प्रार्थनाघरात? वर्षाला काही आकडा ठरवून दिलाय का?"

आमेन खरंच हिशेब करत असल्यासारखी थांबली. "सात वर्षांत एक जण आला, ताई. तो पण पत्ता चुकून. लग्नाचा हॉल शोधत होता."

सुईला हसू आलं. ते तिनं दाताखाली दाबलं. "मुद्द्यावर ये. कशाला?"

आमेननं डबा बंद केला. मग खाली बघत, तुटक तुटक बोलली. तुमच्या त्या खुर्चीशेजारी माझ्याआधी एक बाई बसायची, आठवतेय? दोन पोरींची आई. रात्रभर आजारी पोरीपाशी जागायची आणि अंधारात डुलकी घ्यायची. मुकादमानं विचारलं, ही झोपते का? मी म्हटलं, हो. खरंच बोलले. ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. "रविवारी मी प्रार्थनाघरात हे सांगितलं, तर सगळ्यांनी पाठ थोपटली. सत्य बोलली म्हणून. मला त्या रात्रीपासून झोप नाही. येशूनं क्षमा केली असं मी सगळ्यांना सांगत फिरते, ताई. मला केली का, ते अजून कळत नाही."

ही बाई आत्तापर्यंत सुईला गुळगुळीत वाटत होती, बोट ठेवायला खाच नसलेली. आता खाच दिसली आणि पहिल्यांदा ती माणसासारखी वाटली.

"म्हणून या वेळी ठरवलं," आमेन पुढं म्हणाली, "मुकादमानं विचारलं तर खरंच सांगायचं. पण ते खरं तुम्हाला घातक होणार नाही असं आधी करून ठेवायचं."

"म्हणजे खोटं न बोलता थापा मारायच्या!" सुई म्हणाली. "अगं, तू तर माझ्यापेक्षा पक्की निघालीस."

"तेच खातंय मला. खोटं बोलले नाही, पण खरंही नाही." आमेननं मान वर केली. "आणि उद्या तेही जमणार नाही. उद्या परीक्षा आहे ना."

परीक्षेची बातमी सकाळीच फुटली होती. मुकादमानं तीस अंडी नव्या यंत्रावर स्वतः तपासून ठेवली होती, कुठली चांगली नि कुठली खराब ते कागदावर लिहून खिशात घातलं होतं. प्रत्येकीला तीच तीस. तो मागं उभा राहणार. दोनपेक्षा जास्त चुकली की बाहेर.

"उद्या त्यानं मला तुमच्या डोळ्याबद्दल विचारलं तर मी सांगणार," आमेन म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"डोळा तुला कधी कळला?"

"तुम्हाला डावीकडून पाण्याचा पेला दिला होता. तो तुम्हाला दिसलाच नाही; घ्या म्हटलं तर तहान नाही म्हणालात. नंतर गटागटा प्यायलात."

"वा. आणि मग आंधळ्याची गोष्ट."

"तुम्ही स्वतः सांगा, ताई. मी बरोबर येते."

"हो, म्हणजे दोघींची वरात एकदमच निघेल!" सुईचा आवाज चढला. "तुझ्या त्या आंधळ्याचं ठीक होतं. त्यानं दिसत नाही म्हटल्यावर समोर येशू होता. माझ्यासमोर मुकादम आहे."

"खरंय," आमेन म्हणाली, आणि तिचा हा एक शब्द सुईला आजवरच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा जास्त त्रास देऊन गेला.

शनिवारी सुईचा नंबर जेवणानंतर लागला. नशीब म्हणतात ते असं. सकाळी लागला असता तर उजव्या डोळ्यानं निभावलं असतं. मुकादम खुर्चीच्या मागं येऊन उभा राहिला. त्याच्या श्वासाची ऊब मानेवर येत होती. डावीकडे आमेन तिच्या रोजच्या ट्रेवर. आज तिच्या हाताची टिकटिकसुद्धा ऐकू येत नव्हती.

पहिली नऊ अंडी झरझर गेली. जिवंत, जिवंत, कोरं, जिवंत. दहाव्याला धुकं आलं. लालसर काहीतरी होतं. शिरा की कडं? तिनं अंडं फिरवलं. डोळा बारीक केला. पाणी आलं. बावीस वर्षांचा हात होता, अंदाज बांधला असता. निम्मे बरोबर आलेच असते. हात ट्रेकडे निघाला.

आणि थांबला. आत जीव असेल आणि मी बादलीत टाकला तर? ही गोष्ट महिनाभर तिच्या मनात डोकावत होती आणि महिनाभर ती तिला हाकलत होती. बाँब फुटतात ते मोजता येतात. बादलीत किती जिवंत गेले ते कोण मोजणार?

शेजारच्या बाईवर तिचा विश्वास नव्हता. अजूनही नव्हता. दहा दिवस खऱ्याच्या आडून मुकादमाला गुंडाळणारी बाई; उद्या ती मलाही गुंडाळेल. पण एवढं खरं की हिच्या हातून एक बाई गेली आणि ती सात वर्षं झोपली नाही. अंडं चुकीचं सांगून ही पुन्हा झोप घालवून घेणार नाही.

सुईनं हात डावीकडे लांब केला.

"तू बघ."

खोलीत सगळ्या जणींचे हात थांबले. मुकादमाचा श्वाससुद्धा.

"काय म्हणालीस?"

"रीत आहे, साहेब. शंका आली की विचारायचं."

आमेननं अंडं घेतलं. तिच्या दिव्यावर ते उजळलं. "जिवंत आहे," ती म्हणाली. "ठिपका हलतोय."

पुढच्या वीस अंड्यांत सुईनं आणखी सहा वेळा हात लांब केला. पहिल्या वेळी जीव गेल्यासारखं झालं, चौथ्या वेळी सवय झाली. शेवटच्या अंड्याला आमेन बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "मलाही कळत नाही, ताई." ते टोपलीत गेलं.

मुकादमानं खिशातला कागद काढला, बॅटरी लावली, ताडून बघितलं. एकही चूक नव्हती. शेवटच्या अंड्यापुढे त्यानंही प्रश्नचिन्हच काढलं होतं. पण तो मूर्ख नव्हता, हे सुईचं दुर्दैव.

"बावीस वर्षांत एकदा विचारलं नाहीस. आज सात वेळा?"

सुईनं खुर्ची फिरवली. बॅटरीच्या उजेडात तो एक काळपट खोड दिसत होता, वर फांद्यांसारखे हात.

"डावा डोळा गेलाय, साहेब. माणसं झाडांसारखी दिसतात. ते बाँब माझे आहेत."

"आणि दहा दिवस ताईंचे ट्रे मी मागून साफ करत होते," आमेन लगेच म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "तुम्हाला सांगत होते ते शब्दानं खरं होतं, पण फसवणूक होती."

मुकादम आधी एकीकडे बघत राहिला, मग दुसरीकडे. मग आमेनवरच तुटून पडला. "तुला मी देवमाणूस समजत होतो! देवमाणूस! यापुढं केबिनमध्ये तोंड दाखवू नकोस!" आणि सुईला, "तू सोमवारपासून इथं बसायचं नाहीस. हौदावर जा, ट्रे धू. डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आण. मग बघू."

"मग बघू" म्हणजे काय, हे सुईनं बावीस वर्षं ऐकलं होतं. कारखान्याला डोळे लागतात, डोळ्यांमागची बाई लागत नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. डोळा तिथंच दुधात बुडालेला, खुर्ची गेलेली, आणि बोटं आता सोडा-साबणानं फुगणार.

घरी तिनं सुनेला सांगितलं तेव्हा सूनबाई म्हणाली, "मला ठाऊक होतं, आई. तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खाऊन टाकलं असतं मला. सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. मी येते."

सुईला तिच्या गोड आवाजाचा संशय आलाच. पण तिनं नाही म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आहे, काढता येतो; एवढे दिवस काय करत होतात? पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. डोळा पूर्ण येईल का? डॉक्टरही म्हणाला, "बघू." त्याचं "बघू" जरा बरं वाटलं.

त्याच सोमवारी ती दुपारून हौदावर आली. आमेन अंधारखोलीतून डोळे चोळत बाहेर आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. या खेपेला समोर, डावीकडे नाही.

"टोपलीतलं ते अंडं आज पुन्हा बघितलं, ताई. जिवंत निघालं."

"खरं सांगतेस? की तुझं ते दुसरं खरं?"

"दोघींनी बघितलं. विचारा माझ्या शेजारणीला."

सुई ट्रे घासत राहिली. चांगलं वाटलं होतं, पण ते तोंडावर दाखवायची तिला सवय नव्हती.

"त्या बाईचा पत्ता मिळाला का?" तिनं मध्येच विचारलं. "दोन पोरींच्या आईचा."

"शोधला नाही कधी."

"का?"

"भीती वाटते."

"मग आधी तो शोध. येशू क्षमा करील तेव्हा करील. तिनं केली की नाही ते तरी विचारून ये. एकटीला जमत नसेल तर मी येते. मला तसाही एका डोळ्यानं रस्ता दिसतो."

आमेनच्या डोळ्यांत पाणी आलं. सुईनं ट्रे तिच्या अंगावर मुद्दाम झटकला. "रडू नकोस. साबण आहे इथं, आणखी चुरचुरेल."

"तुमच्या डोळ्यासाठी मी रोज प्रार्थना करते, ताई."

"कर. डॉक्टर म्हणाला, काही हरकत नाही."

"आणि तुम्ही? तुम्हाला अजून काहीच वाटत नाही? येशूबद्दल?"

सुईनं पुढचा ट्रे हौदात बुडवला, वर काढला, उजव्या डोळ्यासमोर धरून कोपरे तपासले. एका कोपऱ्यात टरफलाचा चिकटलेला तुकडा होता. तो तिनं नखानं खरवडून काढला.

"टोपलीत ठेव," ती म्हणाली. "बादलीत टाकत नाहीये."